रून अक्षरं: कंगवा, हातोडा आणि ग्यूदाचा निरोप

टॅटूच्या दुकानातल्या कॅटलॉगमध्ये ‘व्हायकिंग होकायंत्र’ म्हणून एक चिन्ह हमखास सापडतं. मध्यापासून आठ दिशांना गेलेले आठ दांडे आणि प्रत्येकाच्या टोकाला वेगळी नक्षी. त्याचं नाव वेगवीसिर. भर समुद्रात वादळात सापडलेले व्हायकिंग दर्यावर्दी याच्या जोरावर वाट काढायचे, अशी माहितीही सोबत दिलेली असते. आता हे चिन्ह आपल्याला कुठून मिळालं ते पाहा. आइसलंडच्या उत्तरेला आकुरेरी नावाचं गाव आहे. तिथे गेइर विगफुसॉन या गृहस्थाने जुन्या जादूटोण्याच्या खुणांचं एक हस्तलिखित तयार केलं, ‘हुल्ड’ नावाचं. हे चिन्ह जवळ बाळगणारा वादळवाऱ्यात वाट चुकणार नाही, असं त्यात लिहिलंय. साल 1860. तोवर बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू होऊन सात वर्षं झाली होती. व्हायकिंग काळ ढोबळमानाने 793 ते 1066 असा धरतात. मधे आठशे वर्षांची पोकळी आहे, आणि त्या पोकळीत या चिन्हाचा मागमूस नाही.

त्यामुळे नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, चिन्हांबद्दल काहीही वाचताना एक प्रश्न खिशात ठेवावा: हे ज्या वस्तूवर सापडलं, ती सगळ्यात जुनी वस्तू कोणती आणि केव्हाची? हा प्रश्न विचारला की अर्धी गूढविद्या गळून पडते. जे उरतं ते मला तरी जास्त मजेदार वाटतं.

आधी रून म्हणजे काय ते पाहू. रून ही अक्षरं आहेत. एका अक्षराला एक आवाज, साधारण अशी लिपी. भाषा वेगळी, लिपी वेगळी. मराठी जशी मोडीतही लिहिली आणि बाळबोधीतही, तसंच. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, इंग्लंड इथल्या जर्मानिक भाषा या अक्षरांत लिहिल्या गेल्या. पहिल्या सहा अक्षरांच्या आवाजांवरून या वर्णमालेला फुथार्क म्हणतात: फ, उ, थ, आ, र, क. हा क्रम रोमन लिपीपेक्षा अगदी वेगळा आहे आणि तो तसा का लागला याचं सर्वमान्य उत्तर नाही. काही अक्षरांचे आकार मात्र रोमन लिपीच्या इतके जवळचे आहेत, विशेषतः र, ब, ह आणि फ यांचे, की दक्षिणेकडच्या रोमन किंवा उत्तर इटलीतल्या लिप्या पाहूनच कोणीतरी ही मांडणी केली असणार.

आकारांत आडव्या रेषा जवळजवळ नाहीत. उभे दांडे आणि तिरके फाटे, बस्स. लाकडाच्या पट्टीवर सुरीने कोरायचं तर आडवी रेघ लाकडाच्या रेषांत मिसळून दिसेनाशी होते किंवा लाकूड चिरतं. म्हणजे दगडावर शतकानुशतकं टिकलेली ही लिपी मुळात लाकडासाठी घडवलेली आहे, आणि तिच्यात लिहिलेला बहुतेक मजकूर लाकडाबरोबर कुजून गेला असणार. आपल्याला दिसतो तो उरलेला चुरा.

या चुऱ्यातला एक अगदी जुना तुकडा म्हणजे एक कंगवा. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर वीमोसे नावाच्या दलदलीत तो सापडला. इसवी सन 160 च्या सुमाराचा. त्यावर पाचच अक्षरं आहेत: ‘हार्या’. हे कुणाचं नाव असेल, किंवा ‘योद्धा’ असा अर्थ असेल. 2023 च्या जानेवारीत नॉर्वेतल्या संशोधकांनी स्विंगेरुड इथल्या थडग्यात सापडलेली शिळा जाहीर केली. ती सन 1 ते 250 या दरम्यानची असावी. तिच्यावर इतर रेघोट्यांमध्ये ‘इदिबेरुग’ अशी अक्षरं वाचता येतात. बहुधा तेही कुणाचं तरी नाव. संपूर्ण वर्णमाला क्रमाने कोरलेली सगळ्यात जुनी शिळा स्वीडनच्या गोटलंड बेटावरची, कीलवरची, सुमारे सन 400 ची. तिच्यावर 24 अक्षरं आहेत. या चोवीस अक्षरी मालेला थोरला फुथार्क म्हणू.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. आठव्या शतकाच्या आसपास, म्हणजे व्हायकिंग काळाच्या तोंडावर, स्कँडिनेव्हियात बोलीतले स्वर वाढत होते. अशा वेळी अक्षरं वाढायला हवीत. ती घटली! 24 ची 16 झाली. हा धाकटा फुथार्क. त्यात क आणि ग यांना एकच अक्षर, त आणि द यांना एकच, ब आणि प यांना एकच. उ, ओ आणि व या सगळ्यांचा भार एकाच अक्षरावर. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचले, वाचणाऱ्याचे वाढले. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास उलट घडलं: तिथल्या लोकांनी अक्षरं वाढवत तीसच्या आसपास नेली. म्हणून ‘व्हायकिंग रून’ म्हणून जे 24 दगड पुरचुंडीत घालून विकतात, ते व्हायकिंगांच्या दृष्टीने आजोबा-पणजोबांच्या जमान्यातले. व्हायकिंग स्वतः सोळा अक्षरांत लिहीत होते.

मग ‘या रूनचा अर्थ संपत्ती, त्या रूनचा अर्थ प्रवास’ हे कुठून आलं? त्याला आधार आहे. प्रत्येक अक्षराला नाव होतं आणि ते नाव म्हणजे भाषेतला नेहमीचा शब्द. फ या अक्षराचं नाव गुरंढोरं, म्हणजेच धन. थ चं नाव राक्षस, र चं नाव स्वारी किंवा घोड्यावरचा प्रवास, स चं नाव सूर्य. ही नावं आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः इंग्लंड, नॉर्वे आणि आइसलंडमधल्या तीन छोट्या कवितांमुळे. प्रत्येक अक्षरावर दोन-तीन ओळी. नॉर्वेजियन आणि आइसलँडिक कवितेत धनाबद्दल सांगितलंय ते हेच की त्यामुळे नातेवाइकांत भांडणं लागतात. यात भविष्यकथन कुठे आहे? मुलांना अक्षरं पाठ करून घ्यायला किंवा आपलं शब्दचातुर्य दाखवायला असल्या ओळी कामी येत असाव्यात, असं वाटतं. क्वचित एक अक्षर पूर्ण शब्दाऐवजी वापरलेलंही दिसतं. स्वीडनमधल्या स्टेनटोफ्टेन शिळेवर हाथुवुल्फ नावाच्या सरदाराने ‘य दिलं’ असं कोरलंय. य चं नाव ‘चांगलं पिकाचं वर्ष’, म्हणून त्याने सुगी दिली असा अर्थ लावतात. पण असे नमुने मोजकेच. बाकी सगळीकडे अक्षर आवाजासाठीच येतं.

जादूचा भाग अगदीच खोटा आहे असंही कोणी समजू नये. ‘हावामाल’ या जुन्या काव्यात ओडिन देव सांगतो की वाऱ्यात हलणाऱ्या झाडावर मी नऊ रात्री टांगून घेतलं, भाल्याने जखमी, ना भाकरी ना पेय, आणि शेवटी खाली डोकावून ओरडत रून उचलले. ज्या हस्तलिखितात हे काव्य उरलंय ते तेराव्या शतकातलं आहे, काव्य त्याहून जुनं. डेन्मार्कमध्ये रीबे इथे सुमारे सन 725 चा मानवी कवटीचा तुकडा मिळाला, भोक पाडलेला, त्यावर रूनमध्ये ओडिनचं नाव आहे आणि दुखण्यावरचा उतारा असावा असा मजकूर आहे. म्हणजे मंत्र लिहायला ही लिपी वापरत होतेच. कोणत्या समाजाने आपली लिपी ताईतासाठी वापरली नाही? फक्त ताईतावर लिहिलं जातं म्हणून अख्खी लिपी ताईत ठरत नाही.

‘प्राचीन लोक रून फेकून भविष्य सांगत’ या विधानामागे रोमन इतिहासकार टॅसिटस आहे. सन 98 मध्ये त्याने लिहिलं की जर्मानिक लोक फळझाडाच्या फांदीचे तुकडे करून, त्यांवर खुणा करून, पांढऱ्या कापडावर टाकतात आणि तीन उचलतात. खुणा एवढंच तो म्हणतो. त्या रून होत्या असं म्हणत नाही, आणि त्या सुमाराची रून कोरलेली वस्तू आपल्या हाती जेमतेमच आहे.

जादूविषयीची माझी आवडती गोष्ट आइसलँडच्या एगिल सागातली. तेराव्या शतकात लिहिलेल्या या कथेत कवी आणि मारामाऱ्या करणारा एगिल एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला असतो. घरातली मुलगी आजारी. तिच्या अंथरुणात देवमाशाचं हाड सापडतं, त्यावर रून कोरलेले. शेजारच्या एका पोराने तिला वश करायला कोरले होते, आणि चुकीचे कोरले होते. एगिल ते खरवडून जाळतो, नवीन रून कोरतो, मुलगी बरी होते. मग तो म्हणतो की ज्याला नीट वाचता येत नाही त्याने रून कोरू नयेत. टॅटूवाल्यांनी हे वाक्य दुकानात लावायला हरकत नाही.

आता दगडांकडे येऊ. रूनशिळा म्हटलं की जंगलात एकटी उभी, शेवाळलेली काहीतरी गूढ शिळा डोळ्यांपुढे येते. स्कँडिनेव्हियात अशा सुमारे तीन हजार शिळा आहेत, बहुसंख्य स्वीडनमध्ये, आणि त्यातही उप्लांड प्रांतात दाटी. त्या बहुतांश दहाव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकातल्या. कितीतरी शिळांवर क्रॉस आहे, कारण ही पहिल्या-दुसऱ्या पिढीतल्या ख्रिस्ती लोकांची हौस होती. रस्त्याकाठी, पुलाजवळ, लोकांना दिसेल अशा जागी त्या उभ्या करत. रंगही देत. मजकूर ठरावीक: अमक्याने तमक्याच्या स्मरणार्थ ही शिळा उभी केली.

सगळ्यात प्रसिद्ध शिळा डेन्मार्कमधल्या येलिंगची, सुमारे सन 965 ची. राजा हाराल्डने ती आपला बाप गोर्म आणि आई थीरा यांच्यासाठी उभारली, आणि लगेच पुढे जोडलं: तोच हाराल्ड, ज्याने सगळा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं. आईबापांचं स्मारक, पण जाहिरात लेकाची. याच हाराल्डचं टोपणनाव ‘निळा दात’. 1997 मध्ये इंटेलच्या जिम कार्डाक यांनी एका बिनतारी तंत्रज्ञानासाठी ते सुचवलं, आणि फोनवरचं ब्लूटूथचं चिन्ह म्हणजे ह आणि ब या त्याच्या आद्याक्षरांचे धाकट्या फुथार्कातले रून एकमेकांत गुंफलेले. गंमत म्हणजे ज्यांना आपण रून कधी पाहिलाच नाही असं वाटतं, त्यांच्याही खिशात तो असतो.

स्टॉकहोमजवळच्या टेबीचा यार्लाबांके हाराल्डच्याही पुढे गेला. त्याने जिवंतपणीच स्वतःच्या स्मरणार्थ शिळा उभ्या केल्या, आपल्या आत्म्यासाठी पूल बांधला, आणि अख्खं टेबी आपल्या एकट्याच्या मालकीचं आहे हे कोरायला विसरला नाही. दलदलीतून जाणारा बांधीव रस्ता म्हणजे तेव्हाचा पूल. तो बांधणं पुण्याचं मानत. नॉर्वेतल्या द्यूना शिळेवर गुन्वोर नावाची आई सांगते की मुलगी आस्ट्रिडच्या स्मरणार्थ मी पूल बांधला, हादेलांडमधली सगळ्यात कुशल हातांची पोर होती ती. एवढंच. हजार वर्षांनंतरही या ओळीपुढे ‘संरक्षण’, ‘शक्ती’ वगैरे छापील अर्थ फिके वाटतात.

काही शिळांवर वारसाहक्काचा हिशेब आहे, कोणाच्या मागे कोण मेलं आणि जमीन कुणाकडे गेली याचा. सव्वीसेक शिळा इंगवार नावाच्या म्होरक्यासोबत पूर्वेला, कास्पियन समुद्राच्या बाजूला गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांच्या. आणि इस्तंबूलच्या, तेव्हा चर्च असलेल्या हागिया सोफियात, वरच्या सज्जातल्या संगमरवरी कठड्यावर, कुण्या हाल्फदानने आपलं नाव खरवडलंय. तिथल्या बायझंटाइन सम्राटाच्या पदरी नोकरीला असलेला उत्तरेकडचा शिपाई असावा. प्रार्थना लांबली असेल, दुसरं काय. आपल्याकडे किल्ल्यांच्या भिंतींवर नावं लिहिणाऱ्यांना मी एरवी माफ करत नाही, हाल्फदानला करतो.

पण रून म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने कळलं ते 1955 मध्ये, आणि तेही आग लागल्यामुळे. नॉर्वेतल्या बर्गनच्या बंदरावर ब्रीगेन नावाची लाकडी वखारींची जुनी वस्ती आहे. तिचा एक भाग त्या वर्षी जळाला. राखेखाली खोदकाम सुरू झालं आणि ओलसर मातीत शाबूत राहिलेल्या लाकडी काटक्या निघू लागल्या, रून कोरलेल्या. मोजणी साडेसहाशेच्या वर गेली. बाराव्या ते चौदाव्या शतकातल्या या काटक्या आहेत. म्हणजे देश ख्रिस्ती होऊन, चर्चमध्ये रोमन लिपी रुळून बराच काळ लोटला होता, आणि बाजारातला माणूस अजून खिशातली सुरी काढून रूनमध्येच लिहीत होता.

काय लिहीत होता? बरंचसं म्हणजे मालावर बांधायच्या चिठ्ठ्या: हा माल अमक्याचा. तोरे फागर नावाचा व्यापारी आपला भागीदार हावग्रिमला देवाचा आणि स्वतःचा नमस्कार कळवून लिहितो की माझं काही खरं नाही, ना बिअर मिळाली ना मासे. एका काटकीवर प्रेमाची ओळ: माझी आठवण ठेव, मी तुझी ठेवतो, माझ्यावर प्रेम कर, मी तुझ्यावर करतो. कुठे लॅटिन प्रार्थना, कुठे नुसती वर्णमाला गिरवलेली, कुठे चावट मजकूर. आणि एक काटकी अशी: ‘ग्यूदा म्हणते, तू घरी ये.’ तिच्याखाली दुसऱ्या हाताने काहीतरी खरडलंय, पण ते लागत नाही. निरोप गेला कुठे असेल याचा अंदाज बांधायला विद्वान लागत नाहीत. तो दारूच्या गुत्त्यात गेला असणार, असं बहुतेकांना वाटतं.

आता अक्षरं नसलेल्या चिन्हांकडे. इथे आपला सुरुवातीचा प्रश्न भराभर चालवता येतो.

थॉर या देवाचा हातोडा, म्योल्निर: अस्सल. गळ्यात घालायचे असे लहान हातोडे सुमारे हजार सापडलेत, बहुतेक दहाव्या शतकाच्या आसपासचे. ते हातोडेच आहेत का, अशी शंका काही जण काढत. 2014 मध्ये डेन्मार्कच्या लोलान बेटावर कोबेलेव इथे मिळालेल्या एका पदकाने ती मिटवली, कारण त्यावर रूनमध्ये लिहिलंच होतं: ‘हा हातोडा आहे.’ कोरताना ‘हामार’ मधला एक स्वर गाळलाय, पण मुद्दा पोचला. याहून बोलका आहे त्रेंदगार्डन इथला दगडी साचा. एकाच साच्यात क्रॉसही ओतता येतात आणि हातोडाही. गिऱ्हाईक जुन्या देवाचं असो की नव्या, सोनाराचं दुकान चालू.

एकमेकांत अडकलेले तीन त्रिकोण, वाल्कनुट: आकार जुना, नाव नवं. गोटलंडच्या चित्रशिळांवर आणि 834 मध्ये पुरलेल्या उसेबर्ग जहाजातल्या वस्तूंवर असे आकार आहेत. पण जुन्या लिखाणात त्याचं नावही नाही आणि अर्थही नाही. शिळेवर त्याच्या भोवती टांगलेला माणूस, भाला, पक्षी दिसतात, म्हणून ओडिनशी संबंध जोडतात. तर्क चांगला आहे, पण तर्कच.

‘भीतीचं शिरस्त्राण’, आयगिसह्यालमुर: नाव जुन्या काव्यात आहे, फाफ्निर नावाचा अजगर ते मिरवतो. त्रिशूळांच्या चक्रासारखं जे चित्र आज दिसतं ते मात्र आइसलँडच्या सतराव्या शतकाच्या आणि त्यानंतरच्या मंत्रतंत्राच्या वह्यांतलं. या वह्या बाळगणं तेव्हा जीवावरचं काम होतं. 1625 मध्ये तिथे चेटकाच्या आरोपाखाली ज्याला पहिल्यांदा जाळलं त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे रून लिहिलेला कागद. त्या शतकात सुमारे वीस जण असे गेले, जवळजवळ सगळे पुरुष. वेगवीसिर याच वहीपरंपरेच्या शेपटाचं.

विसाव्या शतकात या सगळ्याला नवं वळण मिळालं. व्हिएन्नाचा गूढवादी लेखक गुइडो फॉन लिस्ट 1902 मध्ये डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर काही महिने अंधारात होता. त्या काळात आपल्याला रूनचं रहस्य उमगलं असं त्याचं म्हणणं. ‘हावामाल’मध्ये ओडिन अठरा मंत्र जाणतो, म्हणून लिस्टने अठरा रूनची माला रचली. अशी माला इतिहासात कधी नव्हती. स या अक्षराचं जुनं नाव सूर्य. लिस्टच्या मालेत त्याला विजयाचा अर्थ चिकटला. 1933 मध्ये वाल्टर हेक या चित्रकाराने विजेसारखा दिसणारा तो रून दोनदा शेजारी काढून हिटलरच्या एसएस दलाचं चिन्ह केलं. वडिलोपार्जित जमीन हा ज्याच्या नावाचा अर्थ, तो ओडाल रूनही एसएसच्या एका डोंगरी तुकडीने उचलला. आजही वंशवादी गटांना हे दोन्ही प्रिय आहेत. जर्मनीत फौजदारी कायद्याच्या कलम 86 अ खाली एसएसचं चिन्ह मिरवणं गुन्हा आहे. पुण्याहून म्युनिकला नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या मुलांनी दारावरच्या स्वस्तिकाबद्दल तिथले नियम विचारून घेतलेले असतात. दंडावर नुसतं छान दिसतं म्हणून गोंदलेल्या दोन विजांबद्दलही विचारावं. स्वस्तिक नॉर्स वस्तूंवरही आहे, डेन्मार्कच्या स्नोल्देलेव शिळेवर ते स्पष्ट दिसतं. त्या शिळेचा हिटलरशी काही संबंध नाही, जसा आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाचा नाही.

पुरचुंडीतल्या दगडांमध्ये एक पंचविसावा, कोरा दगड असतो. ‘ओडिनचा रून’, नियतीचा, म्हणतात त्याला. तो 1982 मध्ये अमेरिकेच्या राल्फ ब्लमने घातला. न लिहिलेलं अक्षर ही कल्पना कोणत्याही लिपीत बसवणं अवघडच, पण खप चांगला झाला.

आता राहिला नेहमीचा प्रश्न: माझं नाव रूनमध्ये कसं लिहायचं? लिहा की, हाल्फदाननेही तेच केलं. आधी माला निवडा. सरळ सोपं हवं असेल तर 24 अक्षरांची घ्या, तिच्यात ग, द, ए, ओ यांना स्वतंत्र अक्षरं आहेत. श, च, ळ यांचं जमवून घ्यावं लागेल. हट्टाने व्हायकिंग पद्धतच हवी असेल तर सोळा अक्षरांची घ्या, पण आधी कागदावर लिहून कुणाला तरी वाचायला द्या. तिच्यात गणेश लिहिलं की ‘कानिस’ वाचलं जातं. आणि गीता नावाच्या मुलीने तर ती माला मुळीच वापरू नये. ग आणि क एक, त आणि द-ड एक, ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. वाचणारा मराठी असला तर खुशाल ‘किडा’ वाचेल.